मागच्या दाराने पाहिलेला ईस्टर

२०२५च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी आमच्या चर्चचे सॅक्रिस्टन काका ओटीवर येऊन बसले. पाणी प्यायले आणि सरळ म्हणाले, "बाय, यंदा ईस्टरपर्यंत माझ्या हाताखाली येशील? गुडघे ऐकत नाहीत आता."

आम्ही वसईचे. जुन्या माणसांच्या तोंडी आजही चर्चला देऊळच म्हणतात. मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, वस्त्रं, भांडी, मेणबत्त्या, घंटा, वेदीवरची चादर, हे सगळं बघणारा माणूस म्हणजे सॅक्रिस्टन, आणि काका हे काम तीस वर्षं करत होते. मी नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते. त्याआधीच्या नोव्हेंबरात सासूबाई गेल्या होत्या, घर शांत झालं होतं. मी हो म्हणाले.

पन्नासहून जास्त ईस्टर, म्हणजे येशू मरणातून उठला त्याचे सण, मी बाकावर बसून पाहिले होते. पुढच्या दाराने यायचं, गर्दीत जागा धरायची, मुलांना गप्प बसवायचं, आणि रात्री घरी जाऊन सकाळच्या मटणाची तयारी. त्या दिवसांत देवळाच्या मागच्या खोलीत, सॅक्रिस्टीत, काय चालतं, ते मला ठाऊकच नव्हतं.

पहिलं काम राखेचं होतं. राखेचा बुधवार ५ मार्चला होता. त्या दिवशी कपाळावर जी राख लावतात ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांची. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिळालेलं पान लोक वर्षभर घरात तसबिरीमागे खोचून ठेवतात. फादरनी आदल्या रविवारी सांगितल्यावर आळीआळीतून ती वाळकी पानं आली. कुणी क्रूस विणलेला, कुणी नुसतीच दुमडलेली, एकावर कुंकवासारखा लाल डाग पडलेला. आम्ही ती लोखंडी घमेल्यात घालून मागच्या अंगणात पेटवली. ढीग कंबरेएवढा होता, राख निघाली दोन वाट्या. मग खलबत्त्यात कुटायची आणि पातळ मलमलीतून गाळायची. काकांनी बजावलं, "पाणी घालू नकोस हं. राखेत पाणी पडलं की ती झोंबते, लोकांची कपाळं भाजतील." झावळीच्या राखेत क्षार असतो, भिजली की तो बाहेर येतो. मी वस्त्रगाळ राख बोटांवर घेऊन पाहिली, टाल्कम पावडरीहून मऊ.

बुधवारी फादर प्रत्येकाच्या कपाळावर त्या राखेने क्रूस काढत होते आणि म्हणत होते, तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस याची आठवण ठेव. माझी पाळी आली तेव्हा मला आदल्या वर्षीच्या झावळ्यांचा रविवार आठवला. सासूबाई तेव्हा हिंडत्या-फिरत्या होत्या. त्यांचं पान त्यांच्या पलंगाशेजारच्या फ्रेममागे होतं, मीच ते काढून त्या घमेल्यात टाकलं होतं.

तिथून चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ. कॅलेंडरवर मोजाल तर बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपवास नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस कडक, १८ ते ५९ वयाच्या माणसाने एकदाच पोटभर जेवायचं. बाकीच्या दिवसांचं जो-तो आपापलं ठरवतो. आमच्या घरात मासे-मटण पूर्ण बंद. वसईत राहून मार्च-एप्रिलमध्ये मासळीबाजारावरून नाक मुरडल्यासारखं जाणं सोपं नाही, पण सवय असते. या काळात आमच्याकडे लग्नंही लावत नाहीत.

बाकावरून मला हा काळ म्हणजे काय खायचं नाही याची यादी वाटायची. सॅक्रिस्टीत गेल्यावर दिसलं की देऊळसुद्धा उपवास करतं. वेदीवरची फुलं बंद. ऑर्गन वाजतो तो गाण्याला आधार म्हणूनच. जांभळी वस्त्रं निघतात. आणि एक शब्द कुलपात जातो, आलेलुया, म्हणजे देवाची स्तुती करा. चाळीस दिवस तो कुणी म्हणत नाही, गात नाही. तालमीला आलेल्या गायकवृंदातल्या एका लहान मुलीच्या तोंडून चुकून निघाला तर बाकीची पोरं दचकून तिच्याकडे बघायला लागली. पाचव्या रविवारी आम्ही सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकल्या. शिडीवर मी, खालून काका पिना देत होते. पवित्र मरियेच्या मूर्तीवर कापड टाकताना हात जरा अडखळला. लहानपणापासून जिच्याकडे बघून प्रार्थना केली तिचा चेहरा झाकायचा.

"का झाकतात हो?" मी विचारलं.

काका म्हणाले, "डोळ्यांचा उपवास."

इथे तारखेबद्दल थोडं सांगते, कारण दर वर्षी शेजारपाजारचे लोक विचारतात की तुमचा ईस्टर सारखा पुढेमागे कसा होतो. नाताळ सूर्याच्या दिनदर्शिकेवर, ईस्टर मात्र चंद्रावर. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा, तिच्या नंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. आपल्या पंचांगाशी ताडून बघितलं तर कधी होळीच्या पाठोपाठ, कधी हनुमान जयंतीच्या पाठोपाठ. २०२५ साली हनुमान जयंती शनिवारी १२ एप्रिलला झाली आणि दुसऱ्या दिवशी आमचा झावळ्यांचा रविवार. चर्चच्या गणिताने पौर्णिमा त्या रविवारीच धरली होती, म्हणून ईस्टर पुढच्या रविवारी, २० एप्रिलला. मुळात हे सगळं यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाशी बांधलेलं आहे. येशूचं शेवटचं भोजन, अटक, क्रूस, हे त्या सणाच्या दिवसांतच घडलं. आम्ही ईस्टरला पास्का म्हणतो तो शब्दही तिथलाच. त्या वर्षी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टरही त्याच दिवशी आला होता, एरवी त्यांचं गणित बहुधा वेगळं पडतं.

झावळ्यांच्या रविवारी आम्ही पहाटे पाचला चर्चमध्ये. कोवळ्या झावळ्यांचे भारे एका वाडीतून आले होते, चिकाचा ओला वास येत होता. येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण म्हणून 'ओसान्ना' असा जयघोष करत मिरवणूक आत आली आणि अर्ध्या तासात तेच लोक येशूच्या दुःखसहनाच्या वाचनात जमाव होऊन 'त्याला क्रुसावर खिळा' असं ओरडले. हे दर वर्षी होतं. हातात तीच हिरवी पानं असतात.

पवित्र गुरुवारी दुपारी काकांनी मला एक छोटी किल्ली दिली. टॅबर्नॅकलची. वेदीमागची ती सोनेरी दाराची पेटी, जिच्यात पवित्र भाकर ठेवलेली असते (आमच्या श्रद्धेने ती येशूच) आणि जिच्यापुढे तेवता लाल दिवा असतो. आम्ही आत येताना गुडघा टेकतो तो तिच्यापुढे. फादरनी आतलं पात्र आधीच काढून नेलं होतं. "आतून पुसून घे," काका म्हणाले, "आणि दार उघडंच ठेव. आजपासून तीन दिवस बंद करायचं नाही." मग त्यांनी हात वर करून तो दिवा विझवला.

मी तो दिवा विझलेला कधी पाहिला नव्हता. पाहिला असेन, पण लक्ष गेलं नव्हतं. पेटीच्या आत पांढरं रेशमी अस्तर होतं, तळाशी पात्राचा गोल वळ उमटलेला. मऊ फडक्याने पुसलं, आत धूळ अशी नव्हतीच. दार उघडं ठेवून मी खाली उतरले आणि सवयीने गुडघा टेकायला गेले, तर समोर रिकामी पेटी. सासूबाई गेल्यावर त्यांच्या खोलीत आम्ही दार लोटून घेत नव्हतो. कुणी ठरवलं नव्हतं, पण घेत नव्हतो.

संध्याकाळच्या मिस्सात बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी कंबरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पूर्वी हे बारा जण पुरुषच असत. २०१६च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायकांनाही त्यात बसवायची वाट मोकळी केली. आमच्याकडे आता सहा-सहा असतात. मी तांब्या आणि टॉवेल घेऊन फादरच्या मागे गुडघ्यांवर सरकत होते, त्यामुळे ते पाय मी हातभर अंतरावरून पाहिले. एका रिक्षावाल्याचा अंगठा ठेचलेला होता. एका कॉलेजातल्या मुलाने नवे मोजे काढून मुठीत घट्ट धरले होते. नवव्या खुर्चीवर आमच्याच आळीतल्या आजी, सारी हयात केळीच्या आणि पानाच्या वाडीत गेलेली. टाचांना भेगा होत्या, काळ्या, खोल. घासून घासून आल्या होत्या हे कळत होतं, भेगांच्या कडा लाल झाल्या होत्या. फादरनी पाय हातात घेतला तशा त्या आखडल्या. "राहू द्या ना फादर, माझे नको." फादर थांबले, वर बघितलं आणि हळूच म्हणाले, "आजी, पेत्रही हेच म्हणाला होता." बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात हे आहे, शिष्य पेत्र येशूला म्हणतो की तू माझे पाय कधीही धुणार नाहीस. आजींनी डोळे मिटून घेतले. मी पाणी ओतलं. माझ्या हातातला तांब्या थोडा हलत होता.

त्याच मिस्सात ग्लोरिया हे स्तुतिगीत गाताना सगळ्या घंटा वाजवल्या, आणि मग त्या मुक्या झाल्या. शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटेला हात लावायचा नाही. त्याऐवजी लाकडाचा खटखटा. गोव्यात त्याला मात्राक म्हणतात. आमचा खटखटा फळीवर लोखंडी कडी आपटणारा, हात दुखतो. मिस्सा संपल्यावर पवित्र भाकर मिरवणुकीने बाजूच्या वेदीकडे नेली आणि आम्ही मुख्य वेदी उघडी केली. चादर, मेणबत्त्या, क्रूस, गालिचा, सगळं काढलं. पाण्याची कुंडं उपसून कोरडी केली. नुसता दगड राहिला. लोक मध्यरात्रीपर्यंत आळीआळीच्या पाळीने जागत बसले, गेथशेमाने बागेत शिष्यांना जागता आलं नाही म्हणून.

गुड फ्रायडेला जगात कुठेही मिस्सा होत नाही. दुपारी तीनला विधी सुरू होतो. फादर लाल वस्त्रात आले आणि एक शब्द न बोलता वेदीपुढे जमिनीवर पालथे पडले. ती फरशी सकाळी मी पुसली होती. एवढ्या मोठ्या देवळात फक्त पंख्यांचा आवाज होता.

क्रुसाला वंदन करायला त्या दिवशी दोन रांगा लागल्या. मी क्रुसाच्या पायाशी उभी होते. माणूस येतो, वाकतो, येशूच्या पायांचं चुंबन घेतो, पुढे जातो, आणि मी पांढऱ्या फडक्याने ती जागा पुसते. पुन्हा पुढचा. दीड तास. पहिली पाच-दहा मिनिटं हे काम वाटलं. नंतर चेहरे दिसायला लागले. कुणी ओठ नुसते टेकवतं, कुणी कपाळ टेकवून थांबतं. एका माणसाने पायांवरच्या खिळ्याला बोट लावलं आणि तसाच उभा राहिला. मागच्या रांगेने त्याला काही म्हटलं नाही. त्याचा मुलगा डिसेंबरात अपघातात गेला होता, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तो गेल्यावर मी पुसलं. फडकं ओलं होतं.

क्रुसाबद्दल मी शाळेपासून ऐकत आले, धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलंही. पण त्या दीड तासात मला जे समजलं ते असं की लोक तिथे आपलं दुःख घेऊन येतात, कारण देवाला ते अंगावर घेणं ठाऊक आहे, याची त्यांना खात्री वाटते. माझी तर श्रद्धाच आहे.

संध्याकाळी सॅक्रिस्टीत परत आले तर काका डोक्याला हात लावून बसलेले. ईस्टरची मोठी मेणबत्ती, पास्काची मेणबत्ती, वाकली होती. उंची तीन फूट, जाडी मनगटाएवढी. सॅक्रिस्टीला वरून पत्रा आहे, एप्रिलचं ऊन, आणि कुणीतरी ती भिंतीला टेकवून उभी ठेवली होती. ते कुणीतरी मीच होते. गुरुवारी गडबडीत खोक्यातून काढली आणि उभी केली. मला रडूच आलं. दर वर्षी नवी आणायची असते, मेणाचीच लागते, आणि शनिवार उजाडायला एक रात्र उरलेली.

काका म्हणाले, "घरी जा. पेज जेव. उद्या बघू."

शनिवारी सकाळी आम्ही तिला सुती कपड्यात गुंडाळली, कोमट पाण्याचं फडकं फिरवलं आणि थंड फरशीवर आडवी ठेवून तळव्यांनी हळूहळू लाटली. पोळपाटावर लाटतात तशी, पण जोर न लावता. तासभर लागला. मेण ऊब घेतं आणि ऊब धरून ठेवतं, घाई केली तर तडा जातो. ती जवळजवळ सरळ झाली. जवळजवळच. मधोमध एक किंचित कल राहिला, तो गेला नाही. काकांनी ती उभी करून एक डोळा मिटून पाहिली. "येवढं चालेल," म्हणाले. "देवळात सरळ माणसंच येतात असं थोडंच आहे."

मग मागच्या वर्षीची मेणबत्ती स्टँडवरून उतरवली. २०२४ आकडे कोरलेली, जळून अर्ध्यावर आलेली. ही मेणबत्ती ईस्टरच्या रात्री पहिल्यांदा पेटते, आणि मग वर्षभर प्रत्येक बाप्तिस्म्याला आणि प्रत्येक अंत्यविधीला. मुलाचा पहिला दिवा तिच्यावरून पेटवतात आणि शवपेटीच्या उशाशी तीच असते. नोव्हेंबरात सासूबाईंच्या उशाशी हीच होती. मी ती हातात घेऊन बराच वेळ बसले. कुठलं मेण कुणासाठी जळलं ते सांगता येत नाही.

पवित्र शनिवारी दिवसा चर्चमध्ये काहीच विधी नसतो. येशू कबरेत आहे. फक्त बायका असतात, झाडू घेऊन. आमच्या आळीतल्या चौदा जणी आल्या होत्या. बाक ओढले, जाळी काढली, दारांच्या खाचा ब्रशने घासल्या. मूर्तींवरची कापडं उतरवली. दुपारी मोगरा आला. वसईचा मोगरा एप्रिलमध्ये भरात असतो, एरवी पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जातो, त्या दिवशी पाच टोपल्या आमच्याकडे. रिकाम्या पेटीचं दार तसंच उघडं होतं आणि तिच्याभोवती आम्ही गजरे बांधत होतो.

माझी आजी सांगायची, "आमच्या वेळी शनिवारी सकाळीच येशू उठायचा." लहानपणी मला ते कळायचं नाही. नंतर समजलं की खरंच तसं होतं. कित्येक शतकं हा रात्रीचा विधी सरकत सरकत शनिवार सकाळवर आला होता, भर उजेडात मेणबत्ती पेटवायचे, तेही लॅटिनमध्ये. पोप पायस बारावे यांनी १९५१मध्ये तो रात्री करून पाहायला परवानगी दिली आणि १९५६पासून सगळीकडे तो पुन्हा रात्रीचा झाला. मराठी आली ती त्यानंतर, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडल्यावर. आजीच्या तरुणपणी वेदीच्या कठड्याच्या आत बाई जायची ती झाडायलाच.

रात्री दहाला सगळे दिवे घालवले. पौर्णिमा उलटून आठवडा झालेला, चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती. अंगणात करवंट्या आणि सोडणं रचून शेकोटी पेटवली. वारा होता, तरी करवंटीने एकदा धरलं की सोडत नाही. फादरनी मेणबत्तीवर क्रूस कोरला, वर आल्फा, खाली ओमेगा, ही ग्रीक मुळाक्षरांतली पहिलं आणि शेवटचं अक्षर, आणि चार बाजूंना २, ०, २, ५. ख्रिस्त काल आणि आज, आरंभ आणि शेवट, सगळा काळ त्याचा. म्हणून सालाचे आकडे. मग धुपाचे पाच खडे, येशूच्या पाच जखमांचे. ते मेणाच्या खिळ्यांत बसवलेले असतात, मी ताटलीतून एकेक देत होते. शेवटचा आत जाईना, त्या जरा वाकलेल्या जागीच तो होता. फादरनी अंगठ्याने दाबला.

मेणबत्ती पेटली आणि काळोख्या दारातून आत गेली. फादर थांबले, उंच धरली, गायले, "ख्रिस्ताचा प्रकाश." आम्ही म्हणालो, "देवाला धन्यवाद." तीनदा. तिच्यावरून एक मेणबत्ती, तिच्यावरून शेजारची, अशी ज्योत बाकाबाकांतून मागे गेली. मी सॅक्रिस्टीच्या दारात उभी होते, जिथून माणसं समोरून दिसतात. पन्नास वर्षं मी पाठी पाहिल्या होत्या. त्या रात्री खालून उजळलेले चेहरे पाहिले, एकेक करून काळोखातून वर येणारे. नवव्या खुर्चीवरच्या आजी. तो मुलगा गेलेला बाप, हाताचा आडोसा करून शेजारच्या अनोळखी पोराची विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवून देत होता.

मग पास्काचं स्तुतिगान, फार जुनं, मेणबत्तीपुढे उभं राहून गायलेलं. त्यात मधमाश्यांचा उल्लेख येतो, त्यांच्या कष्टाच्या मेणातून ही ज्योत पोसली जाते म्हणून. सकाळी त्या मेणावर माझे तळवे फिरले होते, माझ्या हाताला अजून तो वास होता. पुढे वाचनं. पहिलं उत्पत्तीचं, देव म्हणाला प्रकाश होवो. तिसरं निर्गमाचं, समुद्र दुभंगून लोक पार जातात, ते कधीच वगळत नाहीत. आमच्याकडे विजेचे दिवे ग्लोरियापर्यंत लावत नाहीत. शेवटचं जुन्या करारातलं वाचन संपलं, काकांनी दोराकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "तू ओढ."

गुरुवारपासून मुकी असलेली घंटा. पहिल्या ओढीला ती नुसती हलली, दुसऱ्या ओढीला वाजली. आत दिवे लागले, पोरांनी हातातल्या छोट्या घंटा हलवल्या. मी ओढत राहिले. मग फादरनी तीनदा, दर वेळी वरच्या सुरात, आलेलुया गायलं. कुलपातला शब्द बाहेर आला. गायकवृंदातली ती लहान मुलगी सगळ्यांत मोठ्याने गात होती.

त्या रात्रीचं शुभवर्तमान लूकचं होतं. पहाटे काही बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे निघतात. मग्दलाची मरिया, योहान्ना, याकोबाची आई मरिया आणि आणखी काही जणी. त्या पुनरुत्थान बघायला निघालेल्या नाहीत. त्यांचं एक काम अर्धं राहिलेलं आहे, शुक्रवारी शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागला म्हणून देहाला नीट लेप लावता आला नाही, ते पुरं करायला त्या निघाल्यात. दगड बाजूला सरलेला, आत देह नाही. 'जिवंत असलेल्याला तुम्ही मेलेल्यांमध्ये का शोधता?' त्या परत येऊन सांगतात आणि शिष्यांना ती वायफळ बडबड वाटते. हे मी पन्नास वेळा ऐकलं असेल. त्या रात्री, मानेवर दिवसभराची धूळ आणि नखांत मेण असताना, मी ते आमच्या चौदा जणींकडे बघत ऐकलं. जगातली सगळ्यांत मोठी बातमी पहिल्यांदा कळली ती राहिलेलं काम उरकायला आलेल्या बायकांना. पोप फ्रान्सिस यांनी २०१६मध्येच मग्दलाच्या मरियेच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. मला वाटतं, तो तिचा हक्कच होता.

त्यानंतर पाणी आशीर्वादित झालं. मेणबत्तीचं टोक पाण्यात बुडवतात, तेव्हा फादरबरोबर मी ती धरली होती. दोन बाळांचा बाप्तिस्मा झाला. एक रडलं, एक झोपूनच राहिलं. फादरनी टॅबर्नॅकलचं दार लावलं आणि काकांनी लाल दिवा पेटवला तेव्हा रात्रीचे सव्वा वाजले होते. गुडघा टेकताना या वेळी समोर कुणीतरी होतं.

रविवारचं काय सांगू, सण तो सण. मटण, वडे, पाहुणे, काजूच्या मार्झिपानची रंगीत अंडी. अंडं का, तर पूर्वी युरोपात या चाळीस दिवसांत अंडीही वर्ज्य असत, ती साठायची आणि ईस्टरला खायची. आणि बंद कवचातून जीव बाहेर येतो, कबरेसारखा. मुलांना अंडं द्यावं, जरूर द्यावं. पण ईस्टर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी त्यांना शनिवारी रात्री दहाला अंगणात येऊन उभं राहा म्हणेन.

सोमवारी आम्ही पाच जणी मेण काढायला गेलो. शेकडो मेणबत्त्यांचं मेण फरशीवर आणि बाकांवर. फरशीवरचं लाकडी पट्टीने खरवडायचं, कापडावरचं वर्तमानपत्र ठेवून इस्त्रीने शोषून घ्यायचं. दीडच्या सुमारास फादर आले, हातात मोबाईल. रोममध्ये सकाळी पोप फ्रान्सिस गेले होते. वय ८८. आदल्याच दिवशी सज्जातून त्यांनी ईस्टरचा आशीर्वाद दिला होता, आवाज ओढलेला, पण दिला होता. इस्त्री हातात तशीच राहिली, कागद करपल्याचा वास आला तेव्हा मी ती उचलली.

नवव्या खुर्चीवरच्या आजीही आमच्यात होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि बसून राहिल्या.

संध्याकाळच्या मिस्सात पोपसाठी प्रार्थना करायची ठरली. काका सॅक्रिस्टीतून काडेपेटी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. मी स्टूल घेतलं, वर चढले. जवळून पाहिलं तर वातीपाशी शनिवारचं मेण गोठून तळं झालं होतं. नखाने वात मोकळी केली. काडी ओढली. मधला तो किंचित कल खालून कुणाला दिसत नव्हता, मला दिसत होता, आणि पाचवा खडा तिथे घट्ट बसलेला होता.